चिंच होती, सर

बी.एड.च्या दोन वर्षांत काय शिकलीस असं कुणी विचारलं, तर मी सांगते, राग मुरवायला शिकले. लोणचं मुरवावं तसा चार महिने मुरवला.

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात इतिहास कसा शिकवायचा हे शिकवणारे एक सर होते. वहीच्या पानापानावर लाल पेनाने सही आणि तारीख टाकायची त्यांना भारी हौस. पहिल्या वर्षी त्यांनी स्थानिक इतिहासाचा प्रकल्प दिला. बाकीच्या पोरींनी अंबरनाथचं देऊळ धरलं, मी माझे बाबा धरले. आम्ही चिखलोलीचे. आता जिथे टॉवर उभे राहतायत तिथे आमचं खळं होतं. कारखान्यांसाठी जमीन मोजायला माणसं आली तेव्हा आजीने खळ्यात ठिय्या मारला. भाताची रास घरी गेल्याशिवाय मोजणीची साखळी टाकू देणार नाही म्हणाली. मोजणीवाले अख्खी दुपार झाडाखाली बसून राहिले. पुढे बाबा त्याच जमिनीवरच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकून मी चाळीस पानं लिहिली.

सरांनी प्रत्येक पानावर सही केली आणि शेवटी शेरा मारला: घरगुती गप्पा, पुरावा नाही. वीसपैकी आठ. वर्गात तो शेरा वाचूनही दाखवला. पोरी हसल्या. मीपण हसले, काय करणार.

दुसऱ्या वर्षी लायब्ररीत कॉलेजचा वार्षिक अंक हाती लागला. त्यात सरांचा लेख. आमचं खळं, आमची रास, माझी वाक्यं, स्वल्पविरामासकट. बाबा कुठे, तर 'एका ज्येष्ठ ग्रामस्थाच्या सांगण्यानुसार'. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मैत्रीण म्हणाली, गप बस बाई, शेवटच्या पाठाचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. खरंच होतं ते. बदलापूरच्या एका शाळेने मला नोकरी देऊ म्हटलं होतं, पण निकाल चांगला लागला तरच.

घरी येऊन बाबांना लेख वाचून दाखवला. चोरीचं त्यांना काहीच वाटलं नाही, झाडापाशी मात्र ते अडले. "जांभूळ कुठली गो? चिंच व्हती ती."

मी माझी वही काढली. वहीतही जांभूळच. बाबा नुसतं झाड म्हणाले होते. मी लहानपणी तिथे एक जांभूळ पाहिली होती, ती दिली ठोकून. इतिहासाच्या विद्यार्थिनीने करू नये अशी चूक. पण त्या चुकीवर मी इतकी खूश झाले की बाबांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

शेवटचा पाठ अंबरनाथच्या एका शाळेत होता, नववीच्या वर्गावर. मागच्या बाकावर सर, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. विषय मी मुद्दाम निवडला होता, इतिहासाची साधने. फळ्यावर दोन उतारे लावले, एक वहीचं पान, एक छापील. दोन्हींवरची नावं झाकली होती, पण लाल सही-तारीख उघडीच ठेवली होती. ते मोठे करून देताना झेरॉक्सवाल्या सिंधी काकांनी विचारलं होतं, किसका केस है बेटी? मी म्हटलं, घर का.

मौखिक साधन म्हणून बाबांना उभं केलं, कडक इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी रास सांगितली, साखळी सांगितली, चिंच सांगितली. मग मी वर्गाला विचारलं, दोन्ही उताऱ्यांत जांभूळ कशी आली? बघून लिहिणारा चूकसुद्धा बघूनच लिहितो, हे नववीला शिकवावं लागत नाही. कोणी कोणाचं पाहिलं, म्हटल्यावर एक मुलगी उठली, लाल तारीख वाचली, अंकाचा महिना वाचला आणि म्हणाली, छापीलवाल्याने ढापलं. वर्ग हसला. या वेळी मी हसले नाही.

परीक्षक बाई उठून फळ्यापाशी आल्या, चष्मा पुसून सही पाहिली. "सर, ही सही आपलीच ना?"

सरांनी मान हलवली. घाम पुसायला त्यांना रुमाल सापडेना. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

बाईंनी मार्क भरभरून दिले, सरांनी जेमतेम. नोकरी मिळाली. व्हरांड्यात सर म्हणाले होते, आधी येऊन सांगायचंस. मी म्हटलं, दुरुस्ती छापा, चिंच म्हणून, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव घाला. पुढच्या वर्षीच्या अंकात चौकट आली. त्यात चिंच होती, बाबांचं नाव होतं, माझंही होतं.

पेढ्यांबरोबर ती चौकट बाबांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. "रास माझ्या आयनं राखली. तिचं नाव कुठाय?"

म्हटलं, सरांनीच गाळलं असणार, आता सोडते की काय त्यांना. वही उघडली. आजी लिहिलं तर घरगुती वाटेल म्हणून चाळीस पानांत मी सात वेळा 'एक शेतकरी महिला' लिहिलं होतं. प्रत्येक पानावर सरांची लाल सही होती, पण अक्षर माझं होतं.