योसेफाचा बाप कोण?

"आधी स्वतःच्या बापाचा पत्ता सांग, मग योसेफाच्या बापाचा विचार!"

रविवारच्या बायबल वर्गात आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी मला असं बोलले. बाकांवरचे सगळे हसले. बाकांवर जुनी घराणी, मिशनच्या काळापासून ख्रिस्ती झालेली. मागं सतरंजीवर आम्ही, काल-परवा आलेले. शेजारी माय बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला. बाप आम्हाला टाकून गेलेला, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं.

मी विचारलं तरी काय होतं? नाताळात ख्रिस्ताची वंशावळ वाचायची होती. ती नावांची रांग कुणालाच नको असते, म्हणून सतरंजीवाल्यांच्या गळ्यात पडली. मी मनापासून तयारी केली. योसेफ म्हणजे ख्रिस्ताच्या आईचा नवरा. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचा बाप याकोब. लूकात एली. "सर, दोन बाप कसे?" एवढंच. सेक्रेटरी कॉलेजात शिकवतात. माहीत नाही म्हणाले असते तर काय जात होतं त्यांचं? उलट माझं वाचनच काढून घेतलं, स्वतःच्या पुतणीला दिलं.

घरी माय म्हणाली, "कशाला मोठ्यांच्या तोंडी लागलीस? जा, माफी माग."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई. पर आपल्याला कोण हाय?"

मला मायचाही राग आला. रागातच पुन्हा मत्तय उघडला. त्याच यादीत तामार, सासऱ्यापासून लेकरं झालेली. राहाब, वेश्या. ही नावं दरसाल वाचतात, कुणी हसत नाही. ख्रिस्ताच्या घराण्यात ह्या बाया चालतात आणि नवऱ्यानं टाकलेली माझी माय चालत नाही. थू असल्या मोठेपणावर!

नाताळाला पुतणीचा मत्तय संपला, तशी मी जागेवरच उभी राहून लूक वाचायला लागले.

"ए, खाली बस!" सेक्रेटरी ओरडले.

बसले नाही. एलीपासून आदामापर्यंत एकूण एक नाव वाचलं. मग विचारलं, "आता सांगा. याकोब का एली?"

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गाणं धरलं.

उत्तर अजून मिळालेलं नाही. माफीपत्र दे, नाहीतर मंडळी सोड, असा निरोप तेवढा आलाय. दोन्ही करणार नाही. ख्रिस्त काही त्यांच्या घराण्याचा नाही. दर रविवारी जाईन, दर रविवारी विचारीन. आणि माफी मागायचीच असेल, तर ती सेक्रेटरींनी मागायची. माझ्या मायची. भर मंडळीत.