पखवाजावरचा हलका हात

"बघ रे पेपरवाल्या, मेंदी रंगली!" म्हणत ते दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरायचे. तळवे लालभडक. मेंदी कसली, गोळीचा प्रताप.

लालबागच्या आमच्या चाळीत ते माझे शेजारी आणि भजन मंडळाचे पखवाजवादक. जठरात कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशननंतर परत आली. पहिल्या गोळीने ती काही वर्षं मुकाट बसली, मग त्या गोळीला जुमानेना. डॉक्टरांनी दुसरी दिली. हे कसं चालतं, असं मी बातमीदाराच्या सवयीने त्यांना विचारलं.

"ही गोळी सरसकट मारीत नाय. गाठीचो पत्तो विचारून जाता. आणि भजनाच्या सामन्यात समोरच्या बुवान आपली चाल ओळखली, की आपण चाल बदलतंव. तसांच ह्यां."

दुसऱ्या गोळीने गाठ थोपवली. पण मिशी पांढरी केली आणि तळव्यांवर फोड आणले. मिशी पाहून बायको म्हणाली, "आता वयाक शोभतात." तळवे मात्र मंडळापासून लपवलेले. "कळला तर पखवाज काढून माझ्या हातात टाळ देतीत!"

गणपती जवळ आले. परळच्या इस्पितळात मी सोबत होतो. त्यांनी तरुण डॉक्टरबाईंना गळ घातली, "गणपतीपुरती गोळी बंद करा."

"काका, गाठ गणपतीला गावी जाते का?"

"कोकणातली असात तर जायत."

बाई हसल्या, पण बधल्या नाहीत. डोस तेवढा कमी केला आणि तळव्यांनी कुठेही थाप मारायची नाही, असं बजावलं. पखवाजवादकाला!

घरी बायकोने तळव्यांना कोकमाचं तेल चोळलं. "पखवाजाक हात लावलात तर मोदक मिळाचे नाय."

गणपती बसले त्या संध्याकाळी भजनाला ते पखवाजापाशीच बसले. तुम्ही पाहायला हवं होतं. झोपलेल्या पोराला थोपटावं तसे ते बोटांच्या टोकांनी वाजवत होते. टाळकऱ्यांनी टाळ हळू केले, गाणाऱ्या बुवांनी आवाज उतरवला. नंतर चाळभर एकच चर्चा: काय हलका हात झालाय! मोदकही मिळाले.

पुढचे काही गणपती असेच गेले. मग तिसरी गोळी आली. तिलाही गाठ सरावली.

यंदा ते नव्हते. पखवाजावर त्यांचा शिष्य, आमच्या मजल्यावरचा बँकेतला कॅशियर. डोळे मिटून, गुरूच्याच शैलीत, बोटांच्या टोकांनी वाजवत होता. त्यांची बायको, आमच्या काकी, प्रसाद घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"मेल्या, असो काय वाजवतंस? त्यांचे हात दुखायचे रे. मार थाप!"

त्याने मारली. खाली रस्त्यावरची माणसं वर बघू लागली.