एक मेगाबाइटचं कुंपण

मुठा गावचा धम्मपाल पिरंगुटजवळच्या एका गिअरच्या कारखान्यात बावीस वर्षं मशीनं दुरुस्त करत होता. त्यातली शेवटची सहा वर्षं त्याची बायको कल्पना चिपळूणला नर्स होती. घर मुठ्यात आणि संसार फोनवर. यंदा चिपळूणच्याच एका खासगी आयटीआयमध्ये त्याला नोकरी लागली. एक तारखेला कारखान्याने सोडल्याचं रिलीव्हिंग लेटर घेऊन हजर व्हायचं होतं.

अडलं ते गिअर तपासणाऱ्या जुन्या मशीनपाशी. त्याचा कॉम्प्युटर पस्तीस वर्षांचा, तो पार मेला. मॅनेजर बंडोपंतांनी सरळ सांगितलं, "जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालला, तर वर्षभर तुला सोडता येणार नाही. तुझ्याशिवाय तो कळतो कुणाला? नाही चालला तर मशीन भंगारात, आणि तू उद्या जा." असला न्याय. काम चांगलं केलं की माणसाला कोंडायचं.

जुन्या प्रोसेसरचं हुबेहूब सोंग आणणारं एक फुकट सॉफ्टवेअर धम्मपालने नव्या कॉम्प्युटरवर बसवलं होतं. कुणीही ते उघडून आतून बदलू शकतं. पण प्रोग्रॅम तिसऱ्या तपासणीला गोठायचा. कल्पना रोज फोनवर म्हणायची, "अवो, न्हाई जमत म्हणून सांगा की. खोटं कुटं हाय त्यात?"

बुधवारपर्यंत खोटं नव्हतंच. बुधवारी दुपारी डबा खाताना त्याला चूक दिसली. जुना प्रोसेसर एक मेगाबाइटपलीकडची मेमरी ओळखत नसे. पलीकडचा पत्ता दिला की गुमान शून्यापासून मोजू लागे, जुन्या स्कूटरचा मीटर सगळे नऊ झाले की शून्यावर येतो तसा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पठ्ठ्याने त्याच खोडीवर काम भागवलं होतं. सोंगाचं सॉफ्टवेअर लिहिणारे मात्र एके ठिकाणी ती खोड घालायची विसरले होते.

शहाणा माणूस डबा धुऊन गप्प बसला असता. धम्मपालचे हात शिवशिवले. आपलं बरोबर आहे का, एवढं एकदा बघू आणि पुसून टाकू. त्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी घातल्या. पडद्यावर बघून भागलं असतं, पण मशीन फिरल्याशिवाय काम झालं असं तो कधी मानतच नसे. त्याने वायर जोडली. तिसरी तपासणी झाली, चौथी झाली, मशीन खडखडून फिरू लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बंद करायला वळला तर मागे गेणबा. वीस वर्षं याच मशीनवर उभा राहिलेला माणूस, डोळ्यांत पाणी. "चाललं रं," एवढंच म्हणाला आणि नारळ आणायला पळाला. बंद मशीन चालू झालं की नारळ फुटलाच पाहिजे, हा तिथला रिवाज. धम्मपाल "थांबा जरा" म्हणेपर्यंत तो फुटला होता आणि खोबरं बंडोपंतांच्या केबिनमध्ये पोचलं होतं. साहेबांनी येऊन पाठ थोपटली. धम्मपालने खोबऱ्याचा तुकडा तसाच खिशात टाकला. आपण आपल्याच हाताने कडी लावली, हे त्याला पुरतं कळलं होतं.

संध्याकाळी कल्पनाचा फोन आला.

"न्हाई ना जमलं?"

"जमलं."

तिकडे कुणीतरी सिस्टरला हाका मारत होतं.

"कालच आपल्या दोघांसाठी दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली म्या," ती म्हणाली.