गार्डमामांच्या पाच खेपा

गार्डमामांना पहिल्या दिवशी काहीच आवडत नसे. घरात नवी सून आली, सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं, मामा म्हणाले, "बघू." मला शाळेत नोकरी लागली तेव्हा पेढा तोंडात टाकूनसुद्धा "बघू"च म्हणाले. मामी चिडली, "लेकराला चांगलं म्हणायला तोंड दुखायलंय का?" मामा शांतपणे म्हणाले, "गाडी फुडच्या ठेसनाला पोचू दे, मग म्हणतो चांगली."

मालगाडीचे गार्ड म्हणून ते रिटायर झाले आणि पूर्णेतच राहिले. सगळं गाव त्यांना गार्डमामा म्हणे. माझे ते सख्खे मामा. गच्चीवर त्यांची कबुतरांची ढाबळ होती. सगळी गिरेबाज. ही पाखरं उंच गेली की मधेच उलट्या कोलांट्या घेत खाली येतात, सावरतात आणि पुन्हा थव्यात जाऊन मिसळतात. बघणारे कोलांट्यांना टाळ्या वाजवत. मामा म्हणत, "पडायला अक्कल लागत न्हाई. थांबता आलं पायजे." जे पाखरू थांबत नाही ते थेट जमिनीवर आपटतं, आणि हा दोष रक्तातून पिल्लांत उतरतो.

म्हणून नव्या जोडीच्या किती खेपा घ्यायच्या, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. एक खेप म्हणजे दोन अंडी, दोन पिल्लं. मामांचा नियम पक्का होता. "दोन खेपा. मग नर अलग, मादी अलग. पिल्लं मोठी होऊन हवेत फिरू देयची, थांबतात का बघायचं. तवर सबर." कुणी घाई केली तर त्याला चहा न देता परत पाठवत. आमच्या लाडक्या मामांचा हा उद्धटपणा मला फार आवडायचा.

मग निजामाबादकडच्या एका जुन्या सोबत्याने त्यांना एक जोडी दिली. नर तपकिरी, मादी पांढरीशुभ्र, शेपूट तेवढं काळं. मामांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "वा!" मामी चहाचा कप घेऊन दारातच थांबली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

मामेभावाने मोबाईलवर फोटो टाकला आणि माणसं यायला लागली. जिंतूरकडून, गंगाखेडकडून. रिटायर झाल्यापासून मामांच्या दारात कुणी फारसं येत नव्हतं. आता रोज चपलांचा ढीग. "मामा, आमाला एक जोडी द्याच." नाही म्हणणं मामांना जड जायला लागलं. दोन खेपा झाल्या, तिसरी झाली. अंडी उबवायला दुसऱ्या जोड्यांखाली ठेवून त्यांनी चौथी आणि पाचवीही काढली, आणि एकही पिल्लू उडवून न बघता बहुतेक वाटून टाकली. पैसा घेतला नाही. लोकांनी "मामा, मामा" केलं, तेवढ्यावर गडी विरघळला.

पहिल्या खेपेची दोन पिल्लं घरीच होती. दिवाळीच्या सुमारास त्यांतलं एक आभाळात कोलांट्या घ्यायला लागलं. इतकं देखणं, की मीही टाळ्या वाजवल्या. ते थांबलं नाही. शेजारच्या पत्र्यावर आवाज झाला. दुसऱ्या दिवशी दुसरं गेलं. मामी म्हणाली, "वाऱ्यानं असंल." मामा खाली बसले. "वारा न्हाई. माझा हावरटपणा हाय."

दिलेलं पाखरू परत मागणं म्हणजे आमच्याकडच्या कबुतरबाजांत पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवण्यासारखं. मामा ते करायला निघाले. माझ्या स्कूटीवर मागे बसले, मांडीवर रिकामी करंडी. बोरी गावात एका मोठ्या शेतकऱ्याने चारचौघांत विचारलं, "काय मामा, भाव वाढला का?" लोक हसले. मामा म्हणाले, "न्हाई दादा. रक्त खराब निघालं. न बघता देलो मी. कोंडून ठेवतो, मरू देत न्हाई." मी बाजूला उभी राहून स्कूटीचा आरसा पुसत होते. मला मान वर करवेना.

राणीसावरगावात त्याहून वाईट झालं. तिथलं पाखरू आधीच पडून मेलं होतं. घरच्या बाईने ते आम्हाला कळवलंच नव्हतं. पदर सावरत ती म्हणाली, "आमाला वाटलं, आमचंच कायतरी चुकलं. तुमी एवढ्या भरोशानं देलते. तुमाला कोणत्या तोंडानं सांगावं?" आणि तिने चहा पुढे केला. ज्या माणसाने कितीकांना चहाविना परत पाठवलं, त्याच्या हातात तो कप तसाच राहिला. परतीच्या वाटेवर मामा रडत होते. माझ्या पाठीला ते कळत होतं. मी मागे वळून बघितलं नाही.

जी परत मिळाली ती पाखरं मामांनी कोंडूनच सांभाळली. पुढे कुणी खेपांचं विचारायला आलं की आधी चहा येई, मग पाच खेपांची सगळी हकिगत. शेवटी म्हणत, "लोकायला माझं नाव घेऊन सांगा. नियम सांगितला तर कुणी ऐकत न्हाई, फजिती ध्यानात राहते." मामी कपाळाला हात लावून आत जायची.

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. उरलेली पाखरं मामी बघते. दाणे मी आणून देते. परवा स्टेशन रोडच्या दुकानात बाजरी घेत होते. एक तरुण दुकानदाराला विचारत होता, नव्या जोडीच्या किती खेपा घेऊ? दुकानदार मला ओळखत नव्हता. म्हणाला, "दोन. मग गप थांब. गार्डमामा व्हायचंय का?" दोघं खो खो हसले. माझे कान तापले. सांगावंसं वाटलं, की तो माणूस जन्मभर थांबला होता, एकाच वर्षी नाही थांबला. पण मामांनीच मागून घेतलेलं हे; मी कशी हिसकावू? पिशवी उचलली आणि त्या पोराला एवढंच विचारलं, "थांबशील ना रे?"

"थांबतो की मावशी," तो अजून हसतच होता. "कुणाला गार्डमामा व्हायचंय?"