पगार घेणाऱ्याला मत नाही

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटायला आले की गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून खिशात घालायचे आणि म्हणायचे, "हां, आता बोला. आता मी कंपनीचा नाही." तेही शनिवारी, आयर्लंडमधल्या लिमरिकच्या कॅफेत! मी एकदा विचारलंच, "अहो, सुट्टीच्या दिवशी कार्ड घालून येता कशाला?"

"ताई, घातलं नाही तर काढणार काय?"

आता अशा माणसाला काय बोलणार? तुम्हीही हसला असता.

जवळच्या शॅननमधल्या एका कंपनीत ते नोकरीला होते. रक्तपेढ्यांसाठी एक सॉफ्टवेअर होतं, कुठली पिशवी कुठे ठेवलीय आणि कधीपर्यंत चालेल हे दाखवणारं. ते फुकट मिळायचं आणि त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. सर्व्हर कंपनीचा; कोड लिहायला आणि आम्हाला सांभाळायला हे, त्यांचा पगारही कंपनीचा. बाकी आम्ही देशोदेशीचे हौशी लोक. मी हॉस्पिटलच्या लॅबमधली, मला कोडचं ओ की ठो कळत नाही. मी फक्त नवी आवृत्ती वापरून चुका कळवायचे. त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "झकास! अजून शोधा." स्वतःच्या कामातल्या चुका ऐकून एवढा खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचा नियमही त्यांनीच करून घेतलेला. कंपनीचा पगार घेणाऱ्याला आमच्या निर्णयांत मत नाही, आणि कधी कंपनीशी फाटलंच तर तिच्या माणसाचा कोड बदलायचा अधिकारही काढून घ्यायचा.

"अहो, पण कंपनीचे तुम्ही एकटेच!" मी म्हणाले.

"आज मी आहे. उद्या माझ्या खुर्चीत कोण बसेल, सांगता येतं का?"

मंदीच्या त्या वर्षांत कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी फुकटची आवृत्ती बंद करायचं ठरवलं. आमचं डोकंच फिरलं. कोडची प्रत घेऊन, नवं नाव देऊन वेगळं व्हायचं, असं सगळ्यांच्या मताने ठरलं. तशी मुभा पहिल्यापासून होतीच. कुणाचे अधिकार ठेवायचे त्याची यादी माझ्याकडे आली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. ऑफिसच्या पार्किंगमधून बोलत होते, वाऱ्यात अर्धं ऐकू येत नव्हतं. "ताई, मत नको मला. फक्त माझं नाव काढू नका. इतकी वर्षं दुसरं काही केलंच नाही हो मी."

"मग सोडा ती नोकरी!"

"इथे राहायचं परमिट या नोकरीवरच आहे. सोडली तर देश सोडावा लागेल. मुलीची यंदा शाळेची शेवटची परीक्षा आहे."

मी मुळात तापट, त्यात कंपनीवर भडकलेली. तो सगळा राग त्यांच्यावर काढला. "नियम तुमचाच ना? मग आता कशाला गयावया करता?"

ते म्हणाले, "हो. बरोबर आहे तुमचं. काढा."

मी काढलं. या हातांनी. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

महिन्याभरात कंपनीने त्यांनाही घरी पाठवलं. ज्या लोकांना सांभाळायला त्यांना ठेवलं होतं, ते लोकच निघून गेले होते ना! मला कळलं आणि मी तशीच गाडी काढून शॅननला गेले, तर दारावर घर भाड्याने देण्याची पाटी. शेजारीण म्हणाली, सगळे भारतात परत गेले. मुलीची परीक्षा अजून व्हायची होती.

काही आठवड्यांनी आमच्या नव्या सर्व्हरवर एक दुरुस्ती आली. चारच ओळींची. मुदत संपलेली पिशवी कधीकधी चालू दाखवली जायची, ती चूक काढलेली. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, तर त्यांचंच! आता ते कंपनीत नव्हते, पगार नव्हता. म्हणजे नियमाने ते येऊ शकत होते, कुठल्याही नवख्यासारखे, रांगेत उभे राहून.

खाली सर्व्हरने आपोआप उत्तर दिलं होतं. "पहिल्यांदाच आलात, स्वागत आहे. इथे काम कसं चालतं ते आधी कृपया वाचा."

ते 'कसं चालतं' एकूण एक त्यांनीच लिहिलेलं होतं हो!

मी लगेच लिहिलं, "अहो, माझं चुकलं. या ना परत." दुरुस्तीही आम्ही त्याच दिवशी घेतली. ती आजही चालते. त्यांचं उत्तर मात्र आलं नाही, आणि त्या नावाने पुन्हा कधी काही आलं नाही.