शेवटचा आधी सरकतो

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवायला मला घेतलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या एका क्लासात बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकले होते, एवढंच माझं भांडवल. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळीची यादी मशीनवर ठेवायची, हे माझं काम. यादी लागणीच्या तारखेनं लागायची. राधानगरीकडं शेती करणारा माझा थोरला भाऊ तिच्यात अगदी तळाला होता, कारण त्याची लागण उशिराची. तरी हंगाम संपायच्या आत त्याची पाळी येणार, असं मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं.

मग वरून चिठ्ठ्या यायला लागल्या. अमक्याला पाचवा घाला, तमक्याला पहिला. यादीत मधेच नाव घुसवायचा प्रोग्रॅम मी लिहिला आणि तोंडावर आपटले. वरून खाली एकेक नाव सरकवत गेले, तर एकच नाव खालच्या प्रत्येक नावाच्या जागी बसत गेलं आणि पानभर तेच उमटलं. शेती ऑफिसर म्हणाले, "सगळा ऊस ह्या एकट्याचाच हाय व्हय?"

घरी विचार करताना उलगडा झाला. पंगतीत मधे पाव्हणा बसवायचा तर टोकाचा माणूस आधी सरकला पाहिजे, मग त्याच्या अलीकडचा. तसंच इथं शेवटच्याला आधी हलवायचं. प्रोग्रॅम बिनचूक चालला. तेव्हा मला झालेला आनंद आठवला की आता कसंतरीच होतं.

फेब्रुवारीत भाऊ आला. उसाला तुरे आले होते, वजन घटत चाललं होतं.

"तुझ्याच हातात हाय की," तो म्हणाला. "जरा वर घाल."

मी ऑफिसरांना विचारलं. माणूस भला. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, 'तिसरा'. मी भावाचं नाव तिसऱ्या जागी घातलं, तो चहा पिऊन खुशीत गेला. सकाळी नव्या चिठ्ठ्या आल्या, सगळ्या 'पहिला'. तोडणीच्या टोळ्या वरच्या दोघा-चौघांचा ऊस तोडेपर्यंत वर आणखी नावं चढलेली असायची. आठवड्याभरात भाऊ पुन्हा खाली गेला. मी परत ऑफिसरांकडं गेले, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्याबी वर माणसं हाईत."

हंगाम संपून पट्टा पडला, कारखाना बंद झाला, तेव्हा भावाचं नाव यादीत तसंच होतं. मी गावी गेले. ऊस वाळून चिपाड झाला होता. म्हशींपुढं टाकला तर त्यांनीही तोंड फिरवलं. भाऊ माझ्यावर चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"पुढच्या साली तरी येईल का गं पाळी?" त्यानं विचारलं.

"येईल की," मी म्हणाले.

पुढच्या हंगामात मी नवी यादी लावली. वाळका ऊस काढून नव्यानं लागण करेपर्यंत उशीर झालेला, त्यामुळं भाऊ पुन्हा तळालाच होता. पहिली चिठ्ठी आली, आणि मशीननं सगळ्यांत आधी त्यालाच खाली सरकवलं.