लांबचा रस्ता

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सोलापुरातल्या सैतानाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याला ते कळलं की नाही, देव जाणे.

चर्चच्या एका मेळाव्यात पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं होतं, घराच्या चौकटींना तेल लावून प्रार्थना करा आणि दुष्टाला नाव घेऊन हाकला. मी घरी येऊन करडईच्या तेलाची बरणी रिकामी केली. दारं, खिडक्या, फळी, काही सोडलं नाही. आवाज असा लावला की शेजारच्या तेलुगू मावशी पाणी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, चूल भडकली.

दुसऱ्या दिवशी चौकटींवर मुंग्यांची रांग.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. बार्शीकडच्या, बोलणं थोडकं. ओल्या फडक्यानं चौकट पुसत म्हणाल्या, "सैतान गेला का न्हाय ते मला ठावं न्हाय बाई. मुंग्या मात्र आल्या."

हे सगळं मी करत होते ते धाकट्या दिरांसाठी. ते यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेल विणायचे. माणूस सोन्यासारखा, पण शनिवारी आठवड्याच्या पगाराचा हप्ता हातात आला की कारखान्याजवळच्या गल्लीतलं दारूचं दुकान त्यांना ओढून घ्यायचं. जाऊबाई लेकराला घेऊन मैंदर्गीला माहेरी निघून गेल्या होत्या. निरोप एवढाच होता, ईस्टरपर्यंत दारू सुटली तर येते, नाहीतर मी इथंच बरी.

मी घरात ओरडत होते. आत्यांनी चप्पल घातली.

दर शनिवारी पाळी सुटायच्या आधी त्या कारखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी. दीर बाहेर आले की तिथंच कट्ट्यावर बसवून खायला घालायच्या आणि दुकानाची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं घरी आणायच्या. वाटेत उपदेश नाही, की रडणं नाही. शेजारणीची म्हैस, चादरीचा नवा रंग, असलं काहीबाही बोलायचं.

मला ते फारच मिळमिळीत वाटे. मी म्हटलं, "आत्या, सैतानाला असं घाबरून कसं चालंल? समोर उभं राहायला पायजे."

"तू रहा की," त्या म्हणाल्या. "तुला दारू आवडत न्हाय. त्याला आवडती. रोज देवाला म्हणायचं, मोहात पाडू नको, आन् आपणच त्याच्या दारावरनं जायचं व्हय? भुकेल्या पोटी, एकटा माणूस असला की त्यो सैतान हाळी घालतो. म्हून पोट भरायचं आन् सोबत चालायचं."

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आत्यांचा पाय मुरगळला. डबा माझ्या हाती आला. मी पिशवीत गुपचूप तेलाची बाटलीही टाकली.

दिरांनी भाकरी खाल्ली. निघालो. आणि मी, शहाणी, मुद्दाम जवळच्या गल्लीत वळले. आज त्या दुकानासमोर उभं राहून निकाल लावायचाच होता मला.

निकाल लागतच होता. दुकानाशी आल्यावर दिरांचे पाय थांबले. आतून कोणीतरी त्यांना हाक मारली. मी बाटली बाहेर काढली. घरात भिंतींवर गरजणारी मी, इथं माझी जीभ टाळ्याला चिकटली. मला पहिल्यांदा कळलं की हा खेळ नाही. या माणसाचं घर या चार पावलांवर टांगलंय आणि इथवर त्याला मीच आणलंय.

दिरांनी बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "आई लांबच्या रस्त्यानं नेती."

"मग चला की," मी म्हटलं.

आधी तेच वळले. मी बाटली पिशवीत कोंबून त्यांच्या मागनं जवळजवळ पळतच गेले. लांबचा रस्ता लागल्यावर ते म्हणाले, "वैनी, शेजारणीची म्हैस व्याली का?" मी म्हटलं, "व्याली." खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

ईस्टरच्या सकाळी जाऊबाई लेकरासह एसटीनं आल्या. आत्यांनी लंगडतच दार उघडलं आणि म्हणाल्या, "हात धू, च्या झालाय." बस. विजयाची घोषणा वगैरे काही नाही. ती मीच मनात केली, आणि बहुमान स्वतःला दिला. तो आत्यांना परत करायला पुढं बरीच वर्षं लागली.

आत्या गेल्या. ते दुकान जाऊन तिथं आता मोबाईलचं दुकान झालंय. दीर सत्तरी ओलांडून गेलेत, काठी टेकत माझ्यासोबत उपासनेला येतात. गुडघे दोघांचेही कुरकुरतात. नातू म्हणतो, "आजी, त्या मोबाईलच्या दुकानाच्या गल्लीतनं जावा की, दोन मिनिटांत चर्च येतंय."

दीर ऐकलं न ऐकल्यासारखं करतात आणि लांबच्या रस्त्याला वळतात. मी डब्यात काहीतरी घेतलेलं असतंच.